गाणं चौघांचं, करार कोणाचा?

१९७४ साल सरत आलं तेव्हा इंग्लंडमध्ये ‘क्वीन’ या बँडचं ‘किलर क्वीन’ हे गाणं लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन पोचलं होतं. ते लिहिणारा आणि गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला, तिथल्या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा फरुख बलसारा. गाणं घरोघरी वाजत होतं आणि बँडमधल्या चौघांना त्या सुमारास आठवड्याला ६० पौंड पगार मिळत होता. बास वाजवणारा जॉन डीकन नुकताच लग्न करून संसाराला लागला होता. घराचा पहिला हप्ता भरायला त्याने आगाऊ पैसे मागितले, ते मिळाले नाहीत.

पैसे गेले कुठे, याचं उत्तर १९७२ च्या कराराच्या कागदांत होतं. लंडनमधल्या ‘ट्रायडेंट’ या स्टुडिओच्या मालकांनी, नॉर्मन आणि बॅरी शेफील्ड या भावांनी, क्वीनशी एकाच वेळी तीन बाबतींत करार केले होते. रेकॉर्डिंग त्यांच्याकडे, गाण्यांचं प्रकाशन त्यांच्याकडे आणि बँडचं व्यवस्थापनही त्यांच्याकडे. आता विचार करा. रेकॉर्डमागे बँडला किती पैसे मिळावेत यावर बँडच्या वतीने भांडायचं कोणी? मॅनेजरने. आणि भांडायचं कोणाशी? ट्रायडेंटशी. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना तीच माणसं बसलेली. ट्रायडेंटने काहीच केलं नाही असं मात्र नाही. अनोळखी पोरांना त्यांनी वाद्यं आणि यंत्रसामग्री घेऊन दिली, स्टुडिओ रिकामा असेल त्या वेळात रेकॉर्डिंग करू दिलं, मोठी रक्कम गुंतवली. तो खर्च आधी वसूल व्हायला हवा हे त्यांचं म्हणणं हिशेबाने चूक नव्हतं. पण तो हिशेब बँडच्या बाजूने तपासणारा कोणीच नव्हता, ही खरी गोम होती.

१९७५ मध्ये क्वीनने सुटका करून घेतली. त्यासाठी त्यांना १ लाख पौंड आणि पुढच्या सहा अल्बमांवर एक टक्का ट्रायडेंटला द्यावा लागला. ही सोडवणूक करण्यात जिम बीच नावाच्या वकिलाचा मोठा वाटा होता. मधली काही वर्षं जॉन रीड मॅनेजर होता. त्याच्याच काळात, ३१ ऑक्टोबर १९७५ ला, ‘बोहेमियन रॅप्सडी’ बाजारात आलं. सहा मिनिटांना जेमतेम पाच सेकंद कमी एवढं लांब गाणं, आणि तरी नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर. १९७८ पासून बँडचा कारभार जिम बीचनेच हाती घेतला, तो पुढे कित्येक दशकं त्याच्याकडेच राहिला. ज्याने करार वाचून बँड सोडवला त्यालाच मॅनेजर करावं, यात क्वीनचं शहाणपण दिसतं.

मॅनेजर म्हणजे नेमकं कोण, इथे पुष्कळ गोंधळ असतो. बँडभोवती बरीच माणसं असतात. कार्यक्रम ठरवून देतो तो एजंट, तो साधारण दहा टक्के घेतो. सभागृह किंवा मैदान भाड्याने घेऊन, तिकिटं विकून नफातोट्याचा धोका पत्करतो तो आयोजक, रॉकच्या धंद्यात त्याला प्रमोटर म्हणतात. रेकॉर्डिंगला पैसे लावून ते बाजारात आणते ती रेकॉर्ड कंपनी. गाण्याच्या शब्दांचे आणि चालीचे हक्क सांभाळतो तो प्रकाशक. व्हॅन, वाद्यं, हॉटेल आणि वेळापत्रक बघतो तो रोड मॅनेजर, आपल्याकडे नाटकाच्या दौऱ्यावर व्यवस्थापक बघतो तसं. या सगळ्यांशी बँडच्या वतीने बोलणारा, त्यांच्याकडून काम करून घेणारा आणि गरज पडली तर त्यांच्याशी भांडणारा माणूस म्हणजे मॅनेजर. त्याचा मोबदला बँडच्या उत्पन्नातून टक्केवारीने मिळतो, बहुधा १५ ते २० टक्के. बँड उपाशी तर तोही उपाशी, असा या नात्याचा पाया आहे. या पायाला जिथे तडा गेला, तिथे पुढे भांडण झालं.

त्याची कामंही मुळात दोन जातींची आहेत. एक, बंद दारं उघडून घेणं. दुसरं, दार उघडल्यावर आत येणाऱ्या पैशाचा आणि हक्कांचा हिशेब राखणं. पहिल्यासाठी माणसात वेडं प्रेम आणि चिकाटी लागते. दुसऱ्यासाठी लागतो थंड डोक्याने कागद वाचण्याचा स्वभाव. दोन्ही एकाच माणसात क्वचित सापडतात. पहिल्या कामाचं कौतुक लगेच होतं आणि दुसऱ्यातली चूक दहा-वीस वर्षांनी कळते. हे सगळं एकाच गोष्टीत बघायचं तर बीटल्सचा मॅनेजर ब्रायन एपस्टाईन याच्याकडेच वळावं लागतं.

एपस्टाईन १९३४ साली लिव्हरपूलमध्ये एका ज्यू व्यापारी कुटुंबात जन्मला. घरचं फर्निचरचं दुकान, त्याला जोडून ‘नेम्स’ हे रेकॉर्डचं दुकान. ब्रायनला नट व्हायचं होतं. लंडनच्या प्रसिद्ध नाट्यशाळेत तो दाखलही झाला, पण शिक्षण अर्धवट सोडून परत आला आणि रेकॉर्ड विभाग सांभाळू लागला. तो विभाग त्याने असा काही वाढवला की इंग्लंडच्या उत्तर भागातलं ते एक मोठं रेकॉर्ड दुकान झालं. ही माहिती लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

९ नोव्हेंबर १९६१ च्या दुपारी तो आपल्या मदतनिसाला, अ‍ॅलिस्टर टेलरला, घेऊन मॅथ्यू स्ट्रीटवरच्या ‘कॅव्हर्न’ या तळघरातल्या क्लबात गेला. जर्मनीत निघालेल्या एका रेकॉर्डची चौकशी गिऱ्हाईक करत होतं, त्या रेकॉर्डवर वाजवणारा बँड तिथे जेवणाच्या सुट्टीत वाजवत होता. भिंतींना ओल, कोंदट हवा, कातडी जाकिटं घातलेली चार पोरं. मध्येच गाणं थांबवून एकमेकांशी थट्टा करणारी, स्टेजवर खाणारी, सिगारेट ओढणारी. सूट-टाय घातलेला सत्तावीस वर्षांचा दुकानदार ते बघत उभा राहिला. त्याला मॅनेजरकीचा काडीचा अनुभव नव्हता. त्याआधी अ‍ॅलन विल्यम्स या क्लबमालकाने या पोरांना १९६० मध्ये हॅम्बर्गला वाजवायला पाठवलं होतं, तोच त्यांचा आधीचा मॅनेजर म्हणायचा. जानेवारी १९६२ मध्ये एपस्टाईनशी करार झाला. चौघांनी सह्या केल्या. एपस्टाईनने स्वतः केली नाही. पोरांना कधी वाटलं की आपण फसलो, तर त्यांना मोकळं होता यावं, असं कारण त्याने पुढे सांगितलं. व्यापारी माणसाने असं करावं हे नवल आहे. पण त्याचा स्वभाव यातून कळतो, आणि त्याची पुढची चूकही याच स्वभावातून झाली.

पहिलं काम त्याने केलं ते शिस्तीचं. कुठे, किती वाजता, काय घालून पोचायचं, हे टाइप केलेल्या चिठ्ठीवर प्रत्येकाच्या हातात पडू लागलं. स्टेजवर खाणं, शिव्या देणं बंद. कातडी जाकिटं जाऊन बर्कनहेडच्या एका शिंप्याकडे शिवलेले सूट आले. गाणं संपलं की चौघांनी एकदम वाकून नमस्कार करायचा, हेही त्यानेच ठरवलं. याने बँडचा खरेपणा गेला अशी तक्रार आजही ऐकू येते, जॉन लेननलाही पुढे तसं वाटत असे. मला ती तक्रार पटत नाही. त्या काळच्या बीबीसीत आणि नाट्यगृहांत कातडी जाकिटातल्या पोरांना कोणी उभं केलं नसतं. एपस्टाईनने त्यांच्या गाण्यांना हात लावला नाही, फक्त आत शिरण्याचा पोशाख चढवला.

मग दारं ठोठावणं. लंडनच्या रेकॉर्ड कंपन्या लिव्हरपूलच्या बँडकडे ढुंकून बघत नसत. पण नेम्सचा मालक म्हणजे त्यांचा मोठा ग्राहक. त्याला नाराज करणं परवडणारं नव्हतं. म्हणून ‘डेक्का’ कंपनीचा माणूस डिसेंबरमध्ये कॅव्हर्नपर्यंत आला आणि १ जानेवारी १९६२ ला लंडनमध्ये चाचणी ठरली. बँड व्हॅनमधून बर्फात रस्ता चुकत पोचला, पंधरा गाणी वाजवली. काही आठवड्यांनी नकार आला. त्याच दिवशी चाचणी दिलेल्या दुसऱ्या एका, लंडनजवळच्याच बँडला डेक्काने घेतलं.

इथून पुढचे काही आठवडे मॅनेजर काय असतो ते दाखवतात. एपस्टाईनने त्या नाकारलेल्या चाचणीची टेप उचलली आणि एकामागून एक कंपन्या पालथ्या घातल्या. सगळीकडून नाही. टेप ऐकवणं गैरसोयीचं म्हणून लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एचएमव्हीच्या दुकानात तो टेपवरून तबकड्या कापून घ्यायला गेला. तबकडी कापणाऱ्या कारागिराला गाणी आवडली. त्याने वरच्या मजल्यावर बसणाऱ्या एका गाणी-प्रकाशकाशी गाठ घालून दिली. प्रकाशकाने ‘पार्लोफोन’च्या जॉर्ज मार्टिनचं नाव सांगितलं. पार्लोफोन ही ईएमआय कंपनीची लहानशी शाखा, विनोदी रेकॉर्डसाठी ओळखली जाणारी. मार्टिनने ६ जून १९६२ ला बँडला अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत बोलावलं. ज्या मार्टिनवाचून बीटल्सचं संगीत आहे तसं झालंच नसतं, तो अशा रीतीने एका कारागिराच्या आवडीमुळे आणि एका दुकानदाराच्या हट्टामुळे मिळाला. डेक्काच्या नकारानंतर एपस्टाईन घरी बसला असता तर बँड मोडला असता की नाही, कोण जाणे. पण त्याच्याआधी कोणी त्यांच्यासाठी इतक्या पायऱ्या झिजवल्या नव्हत्या, हे निश्चित.

पहिल्या रेकॉर्डिंगनंतर मार्टिनने सांगितलं की ड्रम वाजवणारा पीट बेस्ट रेकॉर्डवर चालणार नाही. बाकीच्या तिघांनाही तो नकोच होता. पण सांगणार कोण? दोन वर्षं ज्याच्याबरोबर वाजवलं, हॅम्बर्गमध्ये दिवस काढले, त्याच्यासमोर एकानेही तोंड उघडलं नाही. १६ ऑगस्टला एपस्टाईनने त्याला आपल्या कचेरीत बोलावून ते सांगितलं. रिंगो स्टार आला. चिडलेल्या चाहत्यांनी कॅव्हर्नमध्ये धक्काबुक्की केली, त्यात जॉर्ज हॅरिसनचा डोळा काळानिळा झाला. बँडमधली मैत्री टिकावी म्हणून वाईटपणा आपल्या अंगावर घ्यायचा, हे मॅनेजरच्या कामाचं एक न लिहिलेलं कलम आहे.

दुसरं न लिहिलेलं कलम म्हणजे शब्द पाळणं. १९६३ मध्ये बीटल्स देशभर गाजू लागले तेव्हा नाव होण्याआधी थोड्या पैशांत ठरलेले कित्येक कार्यक्रम शिल्लक होते. ते मोडून दसपट दर मागता आला असता. एपस्टाईनने ठरल्या दरात ते पार पाडायला लावले. लहान लहान क्लबांचे मालक त्यामुळे त्याच्यावर विश्वास टाकू लागले.

अमेरिकेच्या बाबतीत त्याची नजर खरोखर लांबवर पोचली. त्याआधी इंग्लंडचे गायक तिकडे जाऊन कुठल्या तरी कार्यक्रमात मधल्या क्रमांकावर गाऊन परत येत. एपस्टाईन नोव्हेंबर १९६३ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाशी बोलणी करून आला. तीन कार्यक्रमांचे मिळून १० हजार डॉलर. ही रक्कम मोठ्या कलाकारांच्या मानाने फारच कमी होती. पण त्याने एक अट धरली: बीटल्सचं नाव सर्वांत वर हवं. पैसे सोडून त्याने मान मागितला. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी तो कार्यक्रम बघितला. दार उघडण्याच्या कामात याहून मोठं यश रॉकच्या इतिहासात शोधून सापडायचं नाही.

आता दुसरं काम, हिशेबाचं. ते समजायला आधी एक गोष्ट नीट कळली पाहिजे: एका रेकॉर्डमध्ये दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक, गाणं, म्हणजे शब्द आणि चाल. ते कोणीही गायलं, रेडिओवर वाजलं की त्याचे पैसे गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला जातात. दुसरी, रेकॉर्डिंग, म्हणजे स्टुडिओत झालेलं ते विशिष्ट ध्वनिमुद्रण. त्याची मूळ प्रत, मास्टर, बहुधा रेकॉर्ड कंपनीच्या मालकीची असते आणि बँडला विक्रीवर रॉयल्टी मिळते. मॅनेजरला या दोन्हींवर वेगवेगळं लक्ष ठेवावं लागतं.

एपस्टाईनने ईएमआयशी पहिला करार केला त्यात रॉयल्टी होती एका सिंगलमागे एक पेनी. एकेकाला नव्हे, चौघांत मिळून. त्या वेळी पौंडात २४० पेन्स होते. म्हणजे १ लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या तर बँडच्या नावावर जमा होणार सुमारे ४१६ पौंड. एपस्टाईनचा दर बँडशी ऑक्टोबर १९६२ मध्ये झालेल्या दुसऱ्या करारानंतर चढत जाऊन २५ टक्क्यांपर्यंत पोचत असे. तो २५ धरला तर त्याचे १०४ पौंड, आणि उरलेल्यातून प्रत्येकाच्या वाट्याला ७८. लेनन आणि पॉल मॅकार्टनी गाणी लिहीत होते म्हणून त्यांना वेगळं उत्पन्न होतं. हॅरिसन आणि स्टार यांना सुरुवातीला रेकॉर्डमधून एवढंच. नवशिक्या बँडला तेव्हा कोणी याहून फार जास्त दिलं नसतं, हे खरं. पण बीटल्स जगातला सर्वांत जास्त विकला जाणारा बँड झाल्यावरही ईएमआयचा हा करार लगेच बदलून घेतला गेला नाही. नवा करार झाला जानेवारी १९६७ मध्ये.

गाण्यांच्या बाबतीत तर नुकसान कायमचं झालं. १९६३ मध्ये डिक जेम्स या प्रकाशकाबरोबर ‘नॉर्दर्न साँग्ज’ कंपनी निघाली. निम्मी मालकी जेम्स आणि त्याच्या भागीदाराची, २० टक्के लेननची, २० मॅकार्टनीची, १० एपस्टाईनच्या कंपनीची. पोरांनी न वाचता सही केली, गाण्यालाही मालक असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. १९६५ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात गेली. १९६९ मध्ये जेम्सने आपला हिस्सा ‘एटीव्ही’ या दूरचित्रवाणी कंपनीला विकला आणि मालकी हातातून निसटली. १९८५ मध्ये मायकल जॅक्सनने ४ कोटी ७५ लाख डॉलरना एटीव्हीचा तो सगळा गाणेसंग्रह विकत घेतला. लेनन-मॅकार्टनीची बहुतेक गाणी त्यात होती.

बीटल्सच्या नावाचे टोप, बाहुल्या, डबे अमेरिकेत धडाधड खपू लागले तेव्हा परवाने देण्याचं काम एपस्टाईनच्या वकिलाकडून एका बाहेरच्या कंपनीकडे गेलं. तिला ९० टक्के, आणि बीटल्सच्या बाजूला फक्त १०. चूक कळल्यावर हा वाटा वाढवून घेतला, पण तोवर खटले सुरू झाले आणि घाबरून मोठ्या दुकानांनी मागण्या रद्द केल्या. पहिल्या चित्रपटाच्या वेळी निर्माते २५ टक्क्यांपर्यंत द्यायला तयार होते, एपस्टाईनने ठाम आवाजात साडेसात टक्के मागितले, असं निर्मात्यांच्या बाजूनेच सांगितलं गेलं आहे.

यावरून त्याला बावळट ठरवणारे पुष्कळ आहेत. मला वाटतं, त्याच्यावर अन्याय होतो. एवढ्या प्रमाणात टोप आणि बाहुल्या विकणारा बँड तोवर इंग्लंडमध्ये झालाच नव्हता, त्यामुळे योग्य दर काय हे सांगणारं जुनं उदाहरणही नव्हतं. त्याने चोरी केली नाही. पण बँडच्या बाजूने कागद वाचणारा, रॉकच्या धंद्यातला जाणकार वकील त्याने सुरुवातीलाच नेमायला हवा होता. तो नेमला नाही, ही चूक त्याचीच.

तो बँडची ढाल होता, हे मात्र शेवटपर्यंत खरं. जुलै १९६६ मध्ये मनिलात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांच्या राजवाड्यातल्या मेजवानीला बीटल्स गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोलीस संरक्षण काढून घेतलं गेलं, विमानतळावर जमावाने धक्के मारले, कराच्या नावाखाली पैसे अडवले. दूरचित्रवाणीवर माफी मागायला बसला तो एपस्टाईनच. तिथून सुटून मंडळी दिल्लीत आली, आणि ऑगस्टअखेर सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा कार्यक्रम करून दौरे कायमचे बंद झाले. दौरे थांबल्यावर एपस्टाईनच्या हाताला रोजचं काम उरलं नाही. २७ ऑगस्ट १९६७ ला झोपेच्या औषधाचा डोस जास्त झाल्याने लंडनमधल्या घरी तो गेला. वय ३२. बीटल्स त्या वेळी वेल्समध्ये महर्षी महेश योगींच्या शिबिरात होते.

त्याच्यानंतर काय झालं, त्यावरून मॅनेजरची किंमत कळते. १९६७ च्या ईएमआय करारात त्याने आपल्या कंपनीचा २५ टक्के वाटा पुढची नऊ वर्षं चालू ठेवला होता, मग मॅनेजरकीचा करार संपो वा न संपो. त्यामुळे त्याच्या मृत्यूनंतर ती कंपनी विकायला निघाली तेव्हा बीटल्सच्या कमाईचा चतुर्थांश कोणाच्या हातात जाणार, यावर भांडण जुंपलं. चौघांनी स्वतः कारभार करायचा म्हणून ‘अ‍ॅपल’ कंपनी काढली, तिथे पैसा पाण्यासारखा गेला. १९६९ मध्ये लेनन, हॅरिसन आणि स्टार यांनी अमेरिकन हिशेबनीस अ‍ॅलन क्लाइनला आणलं. मॅकार्टनीला आपले सासरे वकील ली ईस्टमन हवे होते. क्लाइनने रॉयल्टी भरपूर वाढवून घेतली. एपस्टाईनला जे जमलं नाही ते त्याने करून दाखवलं. पण चौघांचा विश्वास त्याला मिळाला नाही. १९७० च्या ३१ डिसेंबरला मॅकार्टनीने भागीदारी मोडण्यासाठी बाकीच्या तिघांविरुद्ध लंडनच्या न्यायालयात दावा लावला.

विश्वास आणि हिशेब एकत्र असले तर काय होतं, ते लेड झेपलिनच्या पीटर ग्रँटमध्ये दिसतं. पूर्वी कुस्त्या केलेला, धिप्पाड माणूस. बँडशी त्याचा लेखी करारच नव्हता, सगळं शब्दावर. पण रेकॉर्ड कंपनीशी मात्र त्याने १९६८ मध्येच असा करार केला की संगीत कसं असावं, वेष्टनावर काय छापावं, यात कंपनीने बोट घालायचं नाही. आयोजकांची जुनी सवय होती की गल्ल्याचा चाळीस-पन्नास टक्के वाटा त्यांचा. ग्रँटने सांगितलं, नव्वद टक्के बँडचे, दहा तुमचे. तिकिटं हमखास संपणार हे त्याला आणि आयोजकांना दोघांनाही माहीत होतं, म्हणून ते टिकलं. पुढे इतर मोठ्या बँडांनीही हाच मार्ग धरला. बँडला एवढी मोकळीक नसती तर १९७२ मध्ये त्यातले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर स्टुडिओत प्रयोग करत बसले असते का, असा प्रश्न मला पडतो. ग्रँटची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडला आयोजक बिल ग्रॅहमच्या कर्मचाऱ्याला झालेल्या मारहाणीत तो स्वतः होता. बँडची ढाल होणं म्हणजे दुसऱ्यावर हात उगारण्याचा परवाना नव्हे.

आयर्लंडच्या यू-टू बँडची वाट अधिक शांत. पॉल मॅकगिनेस १९७८ मध्ये आला तेव्हा ती शाळकरी वयाची पोरं होती. सुरुवातीला पैशाचे सरळ पाच समान भाग, चार वादकांचे आणि पाचवा मॅनेजरचा. गाण्यांचे आणि रेकॉर्डिंगचे हक्क आपल्याकडे असावेत हा आग्रह त्याने सोडला नाही, आणि ते हक्क कालांतराने बँडकडे आलेही. २०१३ पर्यंत, पस्तीस वर्षं, तो टिकला. डिसेंबर २०१९ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू आले तेव्हा मॅनेजर बदललेला होता, पण स्टेजवर तेच मूळचे चौघे होते.

आता आपल्या पुण्या-मुंबईच्या बँडकडे येऊ. आज गाणं जगापुढे ठेवायला डेक्काच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत, घरातून चढवता येतं. दार उघडण्याचं काम त्यामुळे थोडं हलकं झालं, हिशेबाचं मात्र जड झालं. मॅनेजरच्या करारातलं एकच वाक्य घेऊन बघू: वीस टक्के, पण कशाचे? समजा, एका कार्यक्रमाचे २ लाख रुपये ठरले. प्रवास, राहणं, साउंड इंजिनिअर आणि वाद्यांची ने-आण मिळून १ लाख १० हजार खर्च झाले. एकूण रकमेवर वीस टक्के असतील तर मॅनेजरचे ४० हजार, आणि उरलेल्या ५० हजारांत चौघांचे प्रत्येकी साडेबारा हजार. खर्च वजा जाता वीस टक्के असतील तर मॅनेजरचे १८ हजार, आणि वादकांचेही प्रत्येकी १८ हजार. टक्केवारी तीच, एका शब्दाने निकाल फिरला. याशिवाय तीन गोष्टी बघा. करार किती वर्षांचा. तो संपल्यावर जुन्या गाण्यांवरचं मॅनेजरचं कमिशन कधी थांबतं. आणि पैसे आधी कोणाच्या खात्यात जमा होतात. ते बँडच्या खात्यात यावेत आणि तिथून मॅनेजरला त्याचा वाटा जावा, उलट नको. मॅनेजरचाच स्टुडिओ किंवा लेबल असेल, तर क्वीनची गोष्ट आठवा आणि त्या दोन करारांसाठी वेगळा सल्ला घ्या. बँड मोडला तर नाव कोणाचं, हेही आधीच लिहून ठेवा, कारण भांडण झाल्यावर ते कोणी लिहून देत नाही.

सही करायला सांगितली की कागद घरी न्या आणि मॅनेजरने सुचवलेल्या नव्हे, तुम्ही शोधलेल्या वकिलाला दाखवा. त्याची फी एखाद्या गिटारपेक्षा कमीच पडेल. आणि गाणी तुम्ही लिहीत असाल तर २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात झालेली दुरुस्ती माहीत करून घ्या. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा आता करारात सोडून देता येत नाही, कोणी लिहून घेतलं तरी ते कलम चालत नाही. पण ती रॉयल्टी गोळा करून देणारी ‘आयपीआरएस’ ही संस्था तुमचं नाव आणि तुमच्या गाण्यांची नोंद असेल तरच पैसे पाठवते. तिचं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. पुढचं गाणं बाहेर पडण्याआधी सभासद व्हा.